‘मदर-इन-लॉ’, पण सासू नव्हे!

मैत्रिणींनो, १९५८ साली लंडनच्या एका वृत्तपत्राने एका भारतीय तरुणीचा फोटो छापला होता. सोबत तिचे काही महिन्यांचे बाळ, आणि मथळा होता ‘मदर-इन-लॉ’. तुम्ही म्हणाल, सत्तावीस वर्षांची मुलगी सासू कशी? छे हो! कायद्याला इंग्रजीत ‘लॉ’ म्हणतात ना, म्हणून ही ‘कायद्यातली आई’! लंडनच्या बॅरिस्टरीच्या परीक्षेत ती पहिली आली होती. तोवर कोणत्याच स्त्रीला तो मान मिळाला नव्हता. त्यातून ती विवाहित, दोन मुलांची आई. काही पत्रकारांना तर एका लग्न झालेल्या बाईने एवढ्या पुरुषांना मागे टाकावे याचेच वैषम्य वाटले.

ही तरुणी म्हणजे लीला सेठ. आज त्यांची आठवण तुमच्यापुढे ठेवावीशी वाटते, कारण त्यांच्या कामाचा एक धागा थेट तुमच्या-माझ्या माहेरापर्यंत येतो. तो कसा, ते पुढे सांगतेच.

लीलाबाईंचा जन्म १९३० साली लखनौचा. वडील रेल्वेत नोकरीला. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील गेले आणि सुखवस्तू घराची घडीच विस्कटली. पुढे त्यांनी कलकत्त्यात लघुलेखिकेची नोकरी केली. लग्न झाले ते प्रेमो सेठ यांच्याशी. ते बाटाच्या बूट कारखान्यात अधिकारी. त्यांची लंडनला बदली झाली म्हणून लीलाबाईही गेल्या. तिथे कायदाच का निवडला? तर त्यात हजेरीची सक्ती कमी होती आणि लहान मुलाला सांभाळून अभ्यास करता येत होता! थोर माणसांच्या चरित्रात आपण मोठमोठी ध्येये शोधतो. इथे मात्र घरातल्या बाईचा साधा हिशेब होता. मला तर तो फार आपलासा वाटला.

परत आल्यावर कलकत्त्याचे नामांकित बॅरिस्टर सचिन चौधरी यांच्याकडे त्या उमेदवारी मागायला गेल्या. हे गृहस्थ पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांनी सल्ला दिला, की मुली, वकिली कसली करतेस, लग्न कर. लग्न झालंय, म्हणाल्या. मग मूल होऊ दे. तेही आहे. एकटं मूल बरं नव्हे, दुसरं होऊ दे. दुसरंही आहे! तेव्हा कुठे चौधरींनी हात टेकले आणि उद्यापासून ये म्हणून सांगितले. ही हकीकत लीलाबाई स्वतःच हसत हसत सांगत. त्यांच्या त्या हसण्यातला चिवटपणा घ्यावा असा आहे.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी पाटणा, पुन्हा कलकत्ता, मग दिल्ली. दर गावी वकिली नव्याने मांडायची, म्हणजे संसाराबरोबर अशिलांचीही बांधाबांध! पाटण्यात बाईवकील म्हटली की तिच्याकडे नवराबायकोची भांडणेच यायची. लीलाबाईंनी ठरवले, एवढ्यावरच थांबायचे नाही. प्राप्तिकर, विक्रीकर, कंपन्यांचे खटले, सारे त्यांनी अंगावर घेतले. १९७८ साली त्या दिल्ली उच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. १९९१ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. देशातल्या कोणत्याही उच्च न्यायालयाचे हे पद भूषवणारी ही पहिली स्त्री.

आता माहेरची गोष्ट. निवृत्तीनंतर १९९७ ते २००० या काळात त्या विधी आयोगाच्या सदस्य होत्या. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्माने हक्क, मग मुलीला का नाही, हा प्रश्न या आयोगाने घेतला आणि मे २००० मध्ये अहवाल दिला. आपल्या महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना हा हक्क दिला होता. पण कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्न झालेली, न झालेली हा भेदच उरला नाही. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत अशीही अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर होऊन गेलेल्या वाटण्या मोडता येत नाहीत.

आणि हे सगळे कागदावर असूनही घरोघरी काय चालते ते तुम्हांला ठाऊकच आहे. वडील गेले की तेराव्याच्या आसपास भाऊ एक कागद पुढे करतो. “ताई, नुसती सही कर गं, तलाठ्याकडे द्यायचाय.” ताई वाचत नाही. वाचायला मागितला तर माहेर तुटेल ही धास्ती. बहुधा ते हक्कसोडपत्र असते. बदल्यात साडीचोळी आणि आंब्याची पेटी. एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणे सोपे नसते, बरं का!

भावाशी भांडा असे मी मुळीच म्हणत नाही. भावाची ओढगस्त असेल, आईला तोच सांभाळत असेल, आणि तुम्ही खुशीने हक्क सोडलात तर त्यात मोठेपणच आहे. पण जे आपले आहे हे माहीतच नाही, ते सोडण्यात कसला मोठेपणा? म्हणून कागद घरी आणा, शांतपणे वाचा, सातबारा उतारा पाहा, एखाद्या वकिलाला दाखवा, मगच सही करा. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीची गोष्ट निराळी. तिचे मृत्युपत्र ते हवे तसे करू शकतात. मृत्युपत्र नसेल, तर तिथेही मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस असते.

लीलाबाई आई म्हणूनही कसोटीला उतरल्या. थोरला मुलगा म्हणजे नामवंत लेखक विक्रम सेठ. त्यांची ‘अ सुटेबल बॉय’ ही कादंबरी अरुण साधूंनी ‘शुभमंगल’ नावाने मराठीत आणली. मुलगा समलिंगी आहे हे समजून घेणे आईवडिलांना सुरुवातीला सोपे गेले नाही. पण त्यांनी त्याला दूर लोटले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध पुन्हा गुन्हा ठरवले, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या या माजी न्यायाधीशबाईंनी आई म्हणून वर्तमानपत्रात लेख लिहून जाहीर विरोध केला. सप्टेंबर २०१८ मध्ये तो निकाल फिरला. ते पाहायला मात्र त्या नव्हत्या.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीतही त्या होत्या. तिघांच्या या समितीने महिन्याभरात अहवाल दिला. आणि आजी म्हणून? मुलांना राज्यघटनेची उद्देशिका समजावी म्हणून त्यांनी २०१० साली एक छोटे सचित्र पुस्तक लिहिले. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही ती उद्देशिका सुरुवातीलाच छापलेली असते. मी शाळेत शिकवते म्हणून सांगते, मुले ते पान भराभर उलटतात. एखाद्या रात्री गोष्टीऐवजी तेच पान नातवंडांना वाचून दाखवा. ‘न्याय’ म्हणजे काय, ‘समानता’ म्हणजे काय, विचारा. उत्तरे ऐकून थक्क व्हाल!

५ मे २०१७ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, लीलाबाई गेल्या. डोळे आणि शरीर इतरांच्या उपयोगी पडावे ही त्यांची इच्छा. म्हणून अंत्यसंस्कारही झाले नाहीत.

अशा बाईची आठवण ठेवायची तर निदान एवढे करू या. माहेरून कागद आला, तर आधी वाचू. आणि आपल्या लेकींना लग्नाआधीच सांगून ठेवू, की भाऊबीजेची ओवाळणी वेगळी आणि वाटणी वेगळी. एकीने दुसरी फिटत नाही.