‘रनिंग होऊ द्या’ म्हणण्याआधी आकडा दाखवा
जुन्या मोटरसायकलचं इंजिन बांधून घेतलं, ब्लॉक रिबोर झाला, पिस्टन-रिंग नवे पडले, तरी किक हलकीच लागते आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी दम टाकते. विचारलं की गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं: ‘हजार किलोमीटर रनिंग होऊ द्या, कॉम्प्रेशन येईल.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं, आणि नागपुरात ते बहुधा रोज गाडीवर पोट असणारं गिऱ्हाईक असतं.

खरा भाग आधी घेऊ. नवी रिंग आणि होनिंग केलेला ब्लॉक यांचा मेळ पहिल्याच दिवशी बसत नाही. होनिंगच्या तिरक्या रेघांचे बारीक कंगोरे आणि रिंगची कड एकमेकांवर घासून थोडी झिजली, की मगच गॅस नीट अडतो. रिंगला भिंतीवर रेटण्याचं मुख्य काम तिच्या मागे शिरणारा जळत्या गॅसचा दाब करतो. म्हणूनच ‘चाळीसच्या वर नेऊ नका’ एवढाच सल्ला अपुरा आहे. थ्रॉटल सतत जेमतेम उघडा ठेवला किंवा गाडी स्टँडवर तासभर नुसती चालू ठेवली, तर पुरेसा दाब तयार होत नाही. भिंतीवर ऑईलचा चकचकीत थर धरतो आणि रिंग बसायची राहून जाते. इंजिन तापल्यावर मधल्या गिअरमध्ये थ्रॉटल निम्म्याच्या थोडा पुढे न्यावा, मग सोडून गाडी आपोआप मंदावू द्यावी, पुन्हा उघडावा. ट्रिपल सीट आणि एकाच वेगाची लांब रपेट टाळावी. पारा ४५ अंशांपार गेलेला असताना हवेवर थंड होणारं इंजिन भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत रांगवत नेणं तर सर्वांत वाईट. नवा पिस्टन फुगतो, फट मुळातच कमी, आणि इंजिन जाम होतं. त्यापेक्षा पहाटे काटोल रोडचा मोकळा पट्टा बरा. झिजलेला धातू ऑईलमध्येच उतरतो, तेव्हा पहिलं ऑईल शंभरेक किलोमीटरवर बदललेलं चांगलं.

पण व्हॉल्व्ह सीटवर बसत नसेल, टॅपेट जास्त घट्ट असेल, हेड गॅस्केटमधून गळती असेल किंवा बोअर गरजेपेक्षा मोठा कापला गेला असेल, तर कितीही रनिंग केलं तरी दोष जात नाही. गळका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उलट अधिक जळतो. दोष कुठे आहे हे दहा मिनिटांत कळतं. प्लग काढून कॉम्प्रेशन मीटर लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि काटा थांबेपर्यंत किक मारायच्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा ठळक वाढला तर गळती रिंग किंवा बोअरपाशी आहे, आणि बोअर मापात असेल तर रनिंगला वाव आहे. जागचा हलला नाही, तर हेड उघडण्याला पर्याय नाही.

यावर मिस्त्री म्हणतील की मीटरचे आकडे फसवे असतात. काही अंशी बरोबर आहे. मीटरगणिक फरक पडतो, आणि किक सोपी व्हावी म्हणून ज्या इंजिनांत डीकॉम्प्रेशनची सोय असते, त्यांत चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. म्हणून एका आकड्यावर निवाडा करू नये; त्याच मीटरने, त्याच पद्धतीने गाडी देताना एकदा आणि पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजावं. छोट्या गॅरेजला हा जादा खर्च का, असाही प्रश्न येईल. साधा मीटर एका फसलेल्या इंजिनकामापेक्षा स्वस्त पडतो, शिवाय ज्याचं काम चोख आहे त्या मिस्त्रीला तोच आकडा वाचवतो. बेफाम चालवून इंजिन बिघडवणारं गिऱ्हाईक काही दुर्मिळ नाही, आणि आज अशा वादात दोघांच्याही हाती पुरावा नसतो.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवाच आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मात्र ‘इंजिन काम’ एवढेच दोन शब्द आणि एक रक्कम असलेल्या कागदावर काय सिद्ध करणार? पिस्टन किती ओव्हरसाईज टाकला, व्हॉल्व्ह घासले की नाही, गाडी देताना कॉम्प्रेशन किती होतं आणि पुन्हा कधी मोजायचं, एवढ्या चार ओळी बिलावर मागून घ्याव्यात, आणि त्या मिळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवावा.