पोषाख आणि प्रतिष्ठा

पोषाख हें केवळ बाह्यांग होय, असें पुष्कळ सज्जन म्हणतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं. सन १९२१ मध्यें महात्मा गांधींनीं मदुरेस सदरा व टोपी टाकून पंचा धारण केला; दरिद्री जनतेशीं एकरूप होण्याचा तो मार्ग होता. डॉ. आंबेडकरांनीं मात्र सूट, बूट व चष्मा कायम ठेविला, आणि सन १९२७ मध्यें महाडास जमलेल्या स्त्रियांस उच्चवर्णीयांप्रमाणें लुगडें नेसावयास सांगितलें. ज्यांस नीटनेटकें वस्त्रही निषिद्ध होतें, त्यांना त्यागाचा उपदेश कोणीं करावा? त्यागासही आधीं हक्क लागतो. आज गांवोगांवच्या पुतळ्यांत त्यांच्या हातीं ग्रंथ व अंगांत कोट दिसतो. त्या निषेधास दिलेलें तें उत्तर आहे. विद्यार्थिमित्रहो, गरीब सोबती इस्तरीचा सदरा घालून वर्गांत आला, तर त्यास हसूं नका.