इंजिन मोठे की पकड मोठी?

आपल्या पानावर बर्फ हटवण्याच्या गाडीची चर्चा कशाला, असे व्यापारी बंधूंना वाटेल. मालेगाव-भिवंडीत बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर किंवा मासळीच्या पेटीत. पण आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा कोणी ना कोणी अमेरिकेत किंवा कॅनडात धंदा करतो. तो तिथून फोनवर सल्ला विचारतो आणि कित्येकदा भांडवलही इथूनच मागतो. पैसा आपला लागणार असेल, तर यंत्राची माहितीही आपल्याला हवी.

माझा भाचा न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराबाहेर राहतो. पेट्रोल पंप, त्याला जोडून किराण्याचे दुकान आणि मागे घर, असा त्याचा पसारा आहे. गेल्या हिवाळ्यात मी काही आठवडे त्याच्याकडे होतो. बफेलो हे एरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेले शहर. सरोवर गोठलेले नसले की त्यावरून येणारा थंड वारा पाण्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ करून टाकतो. डिसेंबर 2022 च्या वादळात तिथे चार फुटांहून जास्त बर्फ पडला आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. असे वादळ रोज येत नाही, पण पाच-सात इंच बर्फ ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. पहाटे आवार साफ झाले नाही तर गाडी पंपापर्यंत येत नाही. गिऱ्हाईक घसरून पडले तर नुकसानभरपाईच्या दाव्याची भीती वेगळीच.

या कामासाठी त्याला चार चाकांची एटीव्ही घ्यायची होती. मोटारसायकलसारखे हँडल, फुगीर टायर आणि पुढे बर्फ ढकलण्याचे लोखंडी पाते, असे हे वाहन. आपल्याकडे ते कोकणच्या किनाऱ्यावर किंवा गुलमर्गला पर्यटकांना फेऱ्या मारायला दिसते. भाच्याला दोन कामे हवी होती, हिवाळ्यात बर्फ हटवणे आणि उन्हाळ्यात जंगलातल्या पायवाटांवर हिंडणे. विकणाऱ्याने त्याच्यासमोर 1000 सीसीची गाडी ठेवली. "मामू, एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ," असे त्याचे म्हणणे. मी त्याला थांबवले. का थांबवले ते इथे मांडतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की दोन कामांसाठी एक यंत्र घ्यायचे असेल, तर जे काम उद्यावर टाकता येत नाही त्या कामाच्या मापाने ते घ्यावे. जंगलातली सैर पुढच्या रविवारी करता येते, पहाटेचा बर्फ थांबत नाही. आणि बर्फाच्या कामात गाडी अडते ती बहुधा इंजिनाची ताकद कमी पडली म्हणून नाही, तर चाकाने जमीन सोडली म्हणून. निसरड्या जमिनीवर जादा ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यातच खर्च होते. आपले यंत्रमागवाले हे जाणतात. सूत जेवढा वेग सोसते त्यापुढे माग पळवला तर कापड वाढत नाही, तुटलेले धागे वाढतात.

पकड येते ती चार गोष्टींनी: चारही चाकांना मिळणारी ओढ, गाडीचे वजन, टायर आणि टायरवरच्या साखळ्या. होंडाने 1986 मध्ये चारही चाके ओढणारी एटीव्ही बाजारात आणली, तेव्हापासून हे वाहन खऱ्या अर्थाने कामाचे झाले. मात्र फोर व्हील ड्राइव्ह एवढ्या शब्दांवर भुलू नये. साध्या डिफरन्शियलमध्ये पुढचे एक चाक घसरले की ताकद त्या घसरत्या चाकाकडेच वाहून जाते. म्हणून पुढचे डिफरन्शियल कुलूपबंद करता येते का, किंवा ते आपोआप दोन्ही चाकांना ताकद देते का, हे विचारून घ्यावे. कुलूप लावले की हँडल जड होते. बर्फाच्या कामात शंभर वेळा पुढे-मागे करताना मनगटे भरून येतात. तेव्हा पॉवर स्टिअरिंग ही चैन नाही. एटीव्हीवर ते प्रथम 2007 च्या यामाहा ग्रिझली 700 मध्ये आले. 1000 सीसीवर घालायचा पैसा मी आधी इथे घालीन.

दुसरी बाब गिअरची. बऱ्याच एटीव्ही रबरी पट्ट्यावर चालतात, वेग आपोआप बदलतो. सैर करायला हे सोयीचे. पण बर्फ ढकलताना गाडी हळू चालते आणि भार जास्त असतो. त्या वेळी 'लो' गिअर टाकला नाही तर पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. पट्ट्याची गाडी घेतली तर पाते खाली असेपर्यंत 'लो' सोडायचा नाही, हा नियम करावा. होंडाच्या रँचरसारख्या गाड्या दात्यांच्या गिअरवर चालतात, तिथे पट्टा जळण्याचा प्रश्नच नाही.

तिसरी बाब मागच्या चाकांची. एकसंध दांड्याची मागची बाजू मजबूत असते, भाराने दबत नाही आणि दुरुस्तीला स्वस्त पडते. प्रत्येक चाकाला वेगळे सस्पेन्शन असले तर दगडधोंड्यांच्या वाटेवर कंबर वाचते आणि गाडीचे पोटही जमिनीपासून उंच राहते. इथे बर्फ आणि सैर यांचा मार्ग वेगळा होतो. महिन्यातून एखादाच फेरफटका असेल तर दांड्याची गाडी पुरे. दर रविवारी दोन-चार तास वाटेवर काढायचे असतील तर वेगळ्या सस्पेन्शनचे जादा पैसे द्यावेत. बर्फाचे काम त्यावरही होते.

आता पात्याबद्दल. कापडवाल्याने पन्हा पाहावा तसा पात्याचा पन्हा पाहावा. पाते नेहमी तिरके करून चालवतात, म्हणजे बर्फ एका बाजूला पडतो. साठ इंचांचे पाते तीस अंश तिरके केले की प्रत्यक्षात सुमारे बावन्न इंचच साफ होते. गाडीच्या चाकांची बाहेरून रुंदी सेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच असेल तर हे माप बरोबर बसते. अठ्ठेचाळीस इंचांचे पाते स्वस्त दिसते, पण तिरके केल्यावर चाके न काढलेल्या बर्फावरूनच चालतात आणि तो दाबून त्याची गोठलेली लादी करतात. पात्याला स्प्रिंग असावी, म्हणजे बर्फाखाली लपलेल्या दगडावर आदळले तर ते झुकते आणि गाडी वाचते.

पाते उचलायला विंच लागते. तिची पोलादी तार थोड्याच लांबीत पुन्हा पुन्हा गुंडाळून लवकर तुटते, म्हणून तिथे कृत्रिम धाग्याचा दोर किंवा पट्टी लावावी. धागा लोखंडाला हरवतो अशी ही एक जागा आहे, याचा आम्हा कापडवाल्यांना आनंदच आहे. विंच आणि कडाक्याची थंडी मिळून बॅटरी खातात, तेव्हा ती चांगली ठेवावी. उन्हाळ्यात पात्याची पोटाखालची बैठक काढून टाकावी, नाहीतर वाटेवरच्या दगडाला तीच आधी लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. एटीव्ही दोन फूट साचलेला बर्फ ढकलत नाही, इंजिन कितीही मोठे असो. तीन-चार इंच पडला की एक फेरी, पुन्हा पडला की पुन्हा फेरी, असे हे काम आहे. मोसमाच्या सुरुवातीलाच बर्फ आवाराच्या कडेपासून चांगला दूर लोटावा. कडेचे ढीग गोठले की ते भिंतीसारखे होतात आणि पुढचा बर्फ टाकायला जागा उरत नाही. ज्याच्याकडे बर्फ टाकायला जागाच नाही, त्याने पात्याची गाडी न घेता बर्फ उडवणारे हातयंत्र घ्यावे. आवार फारच लहान असेल तर तेही भाड्याने आणावे. प्रत्येकाने एटीव्ही घेतलीच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही.

सैरीच्या बाजूनेही मोठ्या गाडीचा आग्रह टिकत नाही. अमेरिकेच्या सरकारी जंगलांतल्या कित्येक वाटा पन्नास इंचांपर्यंतच्या वाहनांसाठीच आहेत. शेजारी-शेजारी बसायची रुंद गाडी घेतली तर पुष्कळदा त्या वाटा बंद होतात. नोंदणी आणि विम्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, ते आधी विचारावेत. हे वाहन डांबरी रस्त्यासाठी नाही. एका माणसाच्या गाडीवर दुसरा बसवू नये, हेल्मेटशिवाय किल्ली फिरवू नये आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोठ्यांची गाडी देऊ नये. स्वस्तात मिळते म्हणून जुनी तीन चाकांची घेऊ नये. ती उलटण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की 1988 मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी तिची विक्री थांबवली आणि 2008 च्या कायद्याने नव्या तीनचाकींवर बंदीच आली.

शेवटी भाच्याने 500 सीसीच्या आसपासची गाडी घेतली. पुढे कुलूप, पॉवर स्टिअरिंग, 'लो' गिअर, साठ इंचांचे पाते आणि मागच्या चाकांना साखळ्या. विक्रेता निवडला तो पंधरा मैलांवरचा, कारण मोडलेला भाग वादळाच्या आधी मिळाला तरच त्याचा उपयोग. उरलेल्या पैशात त्याने दुकानात माल भरला. बर्फाच्या दिवसांत लोकांना दूध, पाव आणि मीठ लागते, आणि ज्याचे आवार आधी मोकळे होते त्याच्याकडे ते आधी येतात.

तेव्हा परदेशातला भाऊ-भाचा यंत्रासाठी पैसे मागेल, तेव्हा इंजिन किती मोठे हे विचारू नका. आवार केवढे, बर्फ टाकणार कुठे आणि दुरुस्तीवाला किती लांब, ही तीन उत्तरे आधी घ्या. ती मिळाली नाहीत तर पैशाची घाई करू नका. हत्ती विकत घेणे एकदाचे असते, तो पोसावा लागतो रोज.