हमालाचा गुडघा कोणाच्या खात्यावर?

मार्केट यार्डाच्या भुसार विभागात ट्रकचं फाळकं पडलं की हमाल पाठ लावून उभा राहतो. वरचा पोतं सोडतो. खालचा गुडघे जरा वाकवून ते पाठीवर घेतो आणि थप्पीकडे चालू लागतो. उमेदीची वर्षं यात गेलेल्या जुन्या हमालांमध्ये काहींची चाल लांबूनच ओळखू येते. पावलं जवळ, गुडघे मात्र एकमेकांपासून फाकलेले.

‘वय झालं’ म्हणून हे फेंगडेपण झटकून टाकलं जातं. वय असतंच, वजन आणि आनुवंशिकताही असते. पण वर्षानुवर्षं ओझं उचलणाऱ्यांत गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. सरळ पायातही शरीराचा जास्त भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवरच येतो. तिथली कूर्चा झिजली की पाय बाहेर वाकतो, वाकला की आतला भार आणखी वाढतो. मग झीज थांबत नाही.

दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे फेंगडे पाय बहुधा आपोआप सरळ होतात. हमालाचे होत नाहीत. झीज आतल्याच बाजूला असेल आणि माणूस साठीच्या आतला असेल, तर नडगीचं हाड कापून, पट्टी बसवून पायाची रेषा सरळ करता येते. झीज सगळीकडे पसरली की सांधाबदल. 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. पण सांधा बदलल्यावर डॉक्टर जड ओझं उचलू नका म्हणतात. म्हणजे दुखणं गेलं आणि रोजगारही गेला!

बाबा आढावांची हमाल पंचायत लढली, 1969 चा माथाडी कायदा आला, शंभर किलोचं पोतं पन्नासवर आलं. ही कमाई मोठी आहे. पण व्यवसायजन्य आजारांच्या आपल्या सरकारी यादीत गुडघ्याची झीज अजून नाही. ब्रिटनने 2009 मध्ये कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याच्या झिजेला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली.

आपणही ती द्यावी. तोवर माथाडी मंडळाने निदान चाळिशीपुढच्या प्रत्येक हमालाला उभं करून गुडघ्यांचा एक्स-रे दर काही वर्षांनी मंडळाच्या खर्चाने काढावा.