कानात सांगितलेले नाव

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ करून त्याचे नाव सांगते. पुढे कर्णवेध होतो. मातेच्या उदरात असताना चक्रव्यूहाचे ज्ञान ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा घराघरांत सांगितली जाते. श्रवणाला आपल्या परंपरेने एवढे मोलाचे स्थान दिले आहे. असे असूनही, ज्या कानात नाव सांगितले त्या कानाला ते ऐकू आले का, हा प्रश्न बहुतेक घरांत फार उशिरा विचारला जातो.

दर हजार नवजात बालकांमागे साधारणपणे एक ते तीन बालकांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. कमी दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, गर्भारपणात आईला झालेला रुबेला, जवळच्या नात्यातील विवाह ही त्याची काही ज्ञात कारणे होत. परंतु जवळजवळ निम्म्या बालकांत यांपैकी कोणतेही कारण आढळत नाही. मूल हसते, खेळते, डोळ्यांनी सारे टिपते. दीड वर्ष उलटले तरी शब्द फुटत नाही, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी समजूत घालतात, ‘आपल्या घराण्यात मुले उशिराच बोलतात.’ कोणी मागे थाळी वाजवून पाहते, मूल वळते आणि सारे निश्चिंत होतात. वस्तुतः ते हालचालीने किंवा कंपनानेही वळलेले असू शकते. एखाद्याला थाळीचा मोठा नाद ऐकू येतो, पण बोलण्यातील सूक्ष्म ध्वनी येत नाहीत. मेंदूत भाषा रुजण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचा असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. हा काळ हातचा गेला असला, तरी शंका येताच त्याच आठवड्यात तपासणीला जाणे श्रेयस्कर.

या तपासण्या वेदनादायक नाहीत, पण आईवडिलांची कसोटी पाहणाऱ्या आहेत. ‘बेरा’ तपासणीत कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवून, कानात ध्वनी सोडून मेंदूचा प्रतिसाद नोंदवला जातो. त्यासाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते. सकाळची वेळ मिळाली, तर आदल्या रात्री दोन वर्षांच्या पोराला जागे ठेवावे लागते. प्रवासात ते झोपले की सारे मुसळ केरात! शामक औषध द्यायचे ठरले, तर त्याआधी काही तास त्याला उपाशी ठेवावे लागते. मध्येच जाग आली, तर पुन्हा नवी तारीख. जिल्ह्याच्या गावाहून पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या जोडप्याला त्या एका तारखेची किंमत किती असते, हे निराळे सांगायला नको.

अशा वेळी श्रद्धेचे स्थान कोणते? आजी देवापुढे निरांजन लावून जपाला बसते, आई कुलस्वामिनीला नवस बोलते. त्याची टिंगल करणारे सुशिक्षित कमी नाहीत. अहवालाची वाट पाहताना जी माय रात्ररात्र डोळा मिटत नाही, तिला धीर देणारे ते बळ आहे आणि त्याला विज्ञानाची आडकाठी नाही. मात्र नवसासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलली, तर ती श्रद्धा उरत नाही, केवळ चालढकल होते. त्याहून घातक म्हणजे ‘ग्रहण पाळले नाही’, ‘पूर्वजन्मीचे भोग’ असे बोलून आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे. खचलेल्या मातेच्या माथी दोष मारणारी वाणी धार्मिक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

आणि समाजाने काय करावे? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, सोबत येणारे विरळा. परळला नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ साली सुरू झालेली समिती बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची निवासाची सोय करते. हे मोठे काम झाले. परंतु प्रत्येक वस्तीत लहान कामे वाट पाहत आहेत. आदल्या रात्री मुलाला खेळवत जागे ठेवायला शेजारच्या काकू येऊ शकतात. थोरल्या भावंडाला कोणी शाळेत पोहोचवू शकते, कोणी डबा देऊ शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते. पथक येण्याच्या दिवशी आपल्या भागातील एकही मूल गैरहजर राहू नये, एवढे तरी कार्यकर्त्यांना सहज पाहता येईल. केंद्र शासनाच्या अ‍ॅडिप योजनेत २०१४ पासून पाच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची तरतूद आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था त्याचे काम पाहते. अर्ज आणि दाखले यांत अडकलेल्या पालकांचा हात धरून त्यांना तिथवर नेणे, हीही सेवाच होय.

शस्त्रक्रियेने किंवा श्रवणयंत्राने प्रश्न संपत नाही. त्यानंतर कित्येक वर्षे नित्यनेमाने वाचोपचार करावे लागतात, यंत्राची दुरुस्ती आणि बॅटरीचा खर्च चालूच राहतो. आरंभीची सहानुभूती तोवर आटलेली असते. म्हणून मदतीची वहीही वर्षांच्या हिशेबाने मांडायला हवी. त्या मुलाशी त्याच्या तोंडाकडे पाहून सावकाश बोलायला आणि त्याला आपल्या अंगणातल्या खेळात सामावून घ्यायला पैसा लागत नाही. ते ज्या अंगणात घडेल, तिथे त्या आईला आपण एकट्या आहोत असे वाटणार नाही.