कशावरून?

‘निसर्गाच्या कुशीत वसलेले माझे टुमदार गाव.’ हे वाक्य मी एका दुपारी इतक्या वेळा वाचलं, की शेवटी पेन खाली ठेवलं. रोहिणखेडला एका निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. सातवी-आठवीची मुलं, विषय ‘माझे गाव’. गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक निबंधात नदी झुळझुळ वाहत होती, देवळाचा कळस सूर्यकिरणांत चमकत होता आणि सगळे गावकरी गुण्यागोविंदाने नांदत होते. रोहिणखेडचं नाव खोडून तिथे कोकणातलं किंवा सोलापूरकडचं कुठलंही गाव घातलं असतं, तरी खालचा एक शब्द बदलावा लागला नसता.

आणि हे कुठल्या गावात? अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला, आपण ज्याला घाटाखालचा भाग म्हणतो तिथे, मोताळा तालुक्यात वसलेल्या या गावात दोन लढाया झाल्या आहेत. 1437 मध्ये खानदेशचा नासीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला. त्याची मुलगी बहमनी सुलतानाला दिली होती आणि सासरी तिला मान नाही, अशी त्याची तक्रार होती. बहमनी सरदार खलफ हसनने त्याला रोहिणखेडला गाठून मोडलं. पुढे दीडशे वर्षांनी याच गावाजवळ अहमदनगरच्या निजामशाहीच्या गादीचा निकाल लागला. सरदार जमालखानाने गादीवर बसवलेल्या पोरवयाच्या इस्माईलविरुद्ध त्याचा सख्खा बाप बुरहान चालून आला. खानदेशचा राजा अलीखान बुरहानच्या बाजूने होता. जमालखान इथे मारला गेला, बाप गादीवर बसला. त्याच जमालखानाच्या पंथातल्या खुदावंतखानाने 1582 मध्ये बांधलेली मशीद आजही गावात आहे. शाळेतून चालत जाऊन बघता येईल अशी.

एवढा ऐवज दाराशी असताना मुलं गाईडातली नदी उतरवून काढतात. दोष मुलांचा नाही. मुलांनी आम्हा मास्तरांचं ऐकलं, एवढंच त्यांचं चुकलं.

त्या गठ्ठ्यात एक निबंध वेगळा होता. आठवीतल्या एका मुलीचा. तिने लिहिलं होतं, की आमच्या वावरात यंदा कापसाचे तीनच वेचे झाले. आजी म्हणते तिच्या वेळी पाच-पाच व्हायचे. पण आजीने कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी शेजारच्या दोन घरी विचारलं. एका घरी चार सांगितले, एका घरी म्हणाले आठवत नाही. पुढे बोंडअळीबद्दल लिहून तिने म्हटलं होतं, की पऱ्हाटी डिसेंबरानंतर उभी ठेवली की अळीला आयतं घर मिळतं असं कृषी सहायक सांगून गेले, पण बाबांनी तरीही फरदड ठेवली, कारण तेवढ्यात मिठा-मिरचीचे पैसे निघतात. दीड पानाचा निबंध. अक्षर साधारण, दोन ठिकाणी खाडाखोड.

मी तिला पहिला क्रमांक दिला. सोबतच्या परीक्षकांनी तो खाली ढकलला. त्यांची कारणं मी तिथेच कागदावर टिपून घेतली : सुविचार नाही, भाषा अलंकारिक नाही, ‘वावर’ आणि ‘पऱ्हाटी’ हे अशुद्ध शब्द आहेत, शेवट प्रेरणादायी नाही. बहुमताने पहिला क्रमांक झुळझुळ नदीला गेला. बक्षीस वाटताना ती मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, तसंच लिवलं असतं तं मले बी भेटलं असतं ना?”

हे वाक्य आमच्या सगळ्या शिक्षणव्यवस्थेवरचा आरोप आहे. मी तो मान्य करतो आणि म्हणून हे लिहितो आहे.

शाळकरी मुलाचं चांगलं अभ्यासपूर्ण लेखन कशाला म्हणायचं? आपल्या भाषेत त्याची कसोटी एका शब्दात आहे : कशावरून? लिहिणाऱ्याने काही एक म्हणणं मांडावं आणि ते कशावरून म्हणतो हे वाचणाऱ्याला दाखवावं. त्या मुलीने नेमकं तेच केलं होतं. कापूस कमी झाला हे तिचं म्हणणं. आजीचं बोलणं हा तिचा पहिला पुरावा. तो कच्चा आहे हे तिने स्वतःच ओळखलं आणि आणखी दोन घरं गाठली. एका घरातून उत्तर मिळालं नाही, तेही लपवलं नाही. कृषी सहायकाचं म्हणणं त्याच्या नावावर घातलं, बापाचं उलट वागणं दडवलं नाही आणि त्यामागचं कारण दिलं. विद्यापीठातले कित्येक प्रबंध एवढं करत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीने ते केलं आणि आम्ही तिला सुविचार मागितला.

‘कशावरून’ हा शब्द आपल्या घरात आणि वर्गात उद्धटपणाचा समजला जातो. मुलाने विचारलं तर ‘उलट बोलतोस?’ आणि मुलीने विचारलं तर ‘फार शिकलीस’. जो प्रश्न वर्गात तोंडाने विचारला की पाठीत धपाटा बसतो, तो कागदावर आपोआप उमटेल अशी आशा कोणी ठेवू नये. निबंध कसा लिहावा याचे दहा मुद्दे फळ्यावर लिहून हे भरून निघणार नाही.

रोहिणखेडच्याच दुसऱ्या लढाईचं घ्या. एका पुस्तकात तिचं साल 1590 मिळतं, दुसऱ्यात 1591. आमचा शिक्षक काय करतो? ‘परीक्षेत 1590 लिहा’ म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. खरं शिक्षण त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे. ती लढाई हिजरी 999 मधली. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, आणि ते 999 वर्ष 1590 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन 1591 च्या ऑक्टोबरात संपलं. एका हिजरी वर्षाचे इंग्रजी वर्षात रूपांतर करताना महिना पाहिला नाही, की साल एकाने चुकू शकतं. हे आठवीच्या मुलाला एका तासात कळतं. त्याला मग आणखी एक प्रश्न विचारायला शिकवता येतो : हे सांगणारा कोण आणि तो कोणत्या बाजूचा? या काळाचा मोठा इतिहासकार फरिश्ता त्या वेळी विजापूर दरबाराच्या आश्रयाला होता, आणि विजापूरचं जमालखानाशी वैर होतं. म्हणजे फरिश्ता खोटा ठरतो असं नाही. पण जमालखानाबद्दल तो जे सांगतो ते वाचताना एवढं डोक्यात ठेवायला हवं. ज्या मुलाला हे उमगलं त्याला पुढे वर्तमानपत्र, पुढाऱ्याचं भाषण आणि मोबाईलवर आलेला संदेश वाचता येईल. ज्याला फक्त 1590 पाठ आहे, त्याला कोणीही काहीही विकावं.

राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापत गेले, ते ‘कशावरून’ या एका शब्दासाठी. आपल्याच बुलढाण्याच्या या. मा. काळे यांनी 1924 मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. जिल्ह्यातल्या किती शाळांच्या कपाटात तो आहे? मी गेलो तितक्या शाळांत विचारलं. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हेच बहुतेक ठिकाणी सांगता आलं नाही.

कोणी म्हणेल, एवढं लहान मुलांना जमत नाही. त्यांना मी दोन नावं सांगतो. मुक्ता साळवे पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकत होती. वय चौदाच्या आसपास. 1855 मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये दोन हप्त्यांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने दुःखाची विशेषणं गोळा केली नाहीत. पेशवाईत त्यांच्यावर काय काय गुदरलं ते सांगितलं, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसतं हे सांगितलं, आणि वेद जर आम्हाला वाचायचेच नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा तर्काचा सरळ प्रश्न पुढच्या माणसापुढे ठेवला. तो प्रश्न आजही बिनउत्तराचा उभा आहे, कारण तो शब्दांच्या आरासीवर उभा नव्हता.

दुसऱ्या लहान नव्हत्या, पण बुलढाण्याच्याच. ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं निमित्त झालं, वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर बोट ठेवलं गेलं, आणि ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. 1882 मध्ये ते पुण्यात छापलं गेलं. त्यांची पद्धत बघा. बायकांवर घातलेला एकेक दोष उचलायचा, जसाच्या तसा समोर ठेवायचा आणि विचारायचं : हा दोष पुरुषात नाही, कशावरून? विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत मांडून मग त्याला हात घालणं, हे अभ्यासू लेखनातलं सगळ्यात अवघड काम. ते या जिल्ह्यातल्या एका बाईने एकशेचाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलं. आमच्या मुलांना ताराबाईंच्या जयंती-पुण्यतिथीची भाषणं पाठ करायला लावतात. त्यांचा युक्तिवाद कसा उभा राहिला हे एकाही मुलाला उलगडून दाखवत नाहीत.

शुद्ध भाषेचा मुद्दा आला, म्हणून तोही निकाली काढतो. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायलाच हवं, त्यात सूट नको. पण ‘पऱ्हाटी’ला लाल गोल करून वर ‘कापसाचे झाड’ लिहिणं म्हणजे अचूक शब्द खोडून ढोबळ शब्द घालणं. मुलाच्या घरात वावराला, पिकाला, अवजाराला, रोगाला नेमके शब्द आहेत. नेमकेपणा हा अभ्यासपूर्ण लेखनाचा कणा आहे, आणि तो मुलं घरून घेऊन येतात. शाळा तो काढून घेते आणि त्या जागी ‘निसर्गाची किमया’ देते.

तसंच खाडाखोडीचं. विचार करणारा माणूस खोडतो. आधी लिहिलेलं चुकलं हे त्याला दुसऱ्या वाचनात दिसतं. आम्ही खाडाखोडीचे मार्क कापतो आणि रफ वही रद्दीत घालतो. मी तर म्हणतो मार्क रफ वहीला द्या. पहिला कच्चा खर्डा, त्यावर मुलाने स्वतः मारलेल्या रेघा, मग दुसरा खर्डा. वळणदार अक्षरातली पक्की वही कोण कुणाची उतरवून घेतो हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे, तरी आम्ही तिलाच शेरा देतो.

प्रकल्पवह्यांबद्दल तर बोलायलाच नको. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, वर नाव घातलं की झालं. आई-बाप पैसे मोजतात, शिक्षक सही करतात, मुलगा बघतो आणि शिकतो. त्याचंच मोठं रूप मार्च 2023 मध्ये याच जिल्ह्यात दिसलं. सिंदखेडराजा तालुक्यातून बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं फुटली आणि प्रकरण थेट विधिमंडळात गाजलं. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर खपवायची सवय बारावीत लागत नाही, ती पाचवीच्या निबंधात लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला सापडला तर संशोधकाची नोंदणी रद्द होते. म्हणजे ज्या कामासाठी पाचवीत टाळ्या वाजवल्या, त्याच कामासाठी पंचविशीत हाकलून द्यायचं. दहा-पंधरा वर्षं आपण त्या मुलाला फसवलेलं असतं.

आता तर मोबाईलमधलं यंत्र सांगाल त्या विषयावर निबंध देतं, आणि त्यातही नदी झुळझुळतेच. त्या यंत्राला घाबरण्याचं कारण एकच : आम्ही मुलांकडून जे लिहून घेत होतो ते यंत्राला अगदी सहज जमतं. त्या मुलीच्या घरी किती वेचे झाले आणि शेजारची माणसं काय म्हणाली, हे मात्र त्याला तिच्या अंगणात जाऊन विचारता येणार नाही.

रोहिणखेडच्या, मोताळ्याच्या, घाटावरच्या आणि घाटाखालच्या शिक्षकांना माझं मागणं आहे. या वर्षी ‘माझे गाव’ हा विषय द्याच. पण त्याआधी वर्ग घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या वास्तूपर्यंत चालत जा. मुलांना एका म्हाताऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारू द्या, एक आकडा स्वतः मोजू द्या, एक पुस्तक स्वतःच्या हाताने उघडू द्या, आणि जे कळलं नाही ते ‘कळलं नाही’ असं लिहू द्या. आणि आई-बाबांनो, आज रात्री पोराची वही घ्या. अक्षर पाहू नका, शेरा पाहू नका. कुठल्याही एका वाक्यावर बोट ठेवा आणि प्रेमाने विचारा, “बापू, हे तू कशावरून लिवलं?” तो गप्प राहिला तर त्याला रागावू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि तोच प्रश्न आम्हाला विचारा.