हाड लवकर जुळवणारी गोळी आहे का?

वलगाव-अमरावती रस्त्यावर दुचाकी घसरली किंवा संत्रा तोडताना शिडी सरकली, की पहिली भीती नडगीची. शरीरातील लांब हाडांपैकी सर्वाधिक मोडणारे हाड हेच. त्यावर स्नायूंचे आवरण कमी, रक्तपुरवठाही तुटपुंजा. त्यामुळे प्लास्टर असो वा आत घातलेली सळई, पूर्ण जुळायला चार ते सहा महिने लागतात. मजुराच्या घरी एवढ्यात सोयाबीनची काढणी जाते आणि कापसाची वेचणीही. साहजिकच औषधाच्या दुकानात प्रश्न येतो: लवकर जुळायचं काही आहे का?

संशोधन बरेच झाले आहे. टेरिपॅराटाइड हे रोज टोचायचे इंजेक्शन हाडांच्या ठिसूळपणासाठी वापरले जाते. मनगटाच्या फ्रॅक्चरवरील २०१० च्या चाचणीत २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांचे हाड सरासरी ७.४ आठवड्यांत जुळले, औषधाविना ९.१ आठवड्यांत. गंमत म्हणजे दुप्पट मात्रेने असा ठोस फायदा दिसला नाही. म्हणूनच फ्रॅक्चर भरून येण्यासाठीचे औषध म्हणून त्याला अमेरिकेतही मान्यता नाही. शिवाय खर्च महिन्याला काही हजारांचा. रोमोसोझुमॅबकडून मोठी आशा होती, पण नडगी आणि खुब्यावरच्या चाचण्यांत तेही वेग वाढवू शकले नाही. बीएमपी-२ या प्रथिनाला अमेरिकेत २००४ मध्ये नडगीच्या उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरसाठी मान्यता मिळाली, मात्र ते शस्त्रक्रियेत हाडापाशीच ठेवावे लागते. गोळी नव्हेच.

कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व? शरीरात कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. कमतरता नसताना जास्त गोळ्यांनी हाड धावत सुटत नाही. कांडवेलीवर, म्हणजे हाडजोडीवर, काही छोटे अभ्यास आहेत. पण त्यांच्या भरवशावर प्लास्टर सोडणे म्हणजे पाय पणाला लावणे. लेबल नसलेल्या पुड्यांचा धोका वेगळाच. त्यात स्टिरॉइड मिसळलेले असेल, तर हाड उलट कमकुवत होते.

जुळणी रोखणाऱ्या गोष्टींबद्दल मात्र विज्ञान बरेच ठाम आहे आणि वऱ्हाडात ते ऐकायला कोणाला आवडत नाही. विडी-सिगारेटमुळे नडगी जुळायला जास्त वेळ लागतो, कधी जुळतच नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आवळते आणि खर्ऱ्यातही निकोटीनच असते. पाय प्लास्टरमध्ये आणि गालात खर्रा, हे दृश्य गावोगावी दिसते. रुग्णाला भेटायला येणारेच पुडी घेऊन येतात! आटोक्यात नसलेली साखरही तेवढीच आडवी येते. मनाने महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाणेही डॉक्टरांना विचारूनच थांबवावे किंवा चालू ठेवावे. डाळ, अंडी, दूध यांतली प्रथिने आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पायावर टाकलेला भार, यांना पर्याय नाही.

तीन-चार महिन्यांनंतरही भार देताना तीच कळ येत असेल, तर दुकानातून नवे टॉनिक आणण्याआधी अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन नवा एक्स-रे काढावा. न जुळलेल्या हाडावर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, कमरेचे हाड काढून तिथे भरता येते. वेळ घालवला की सळईही थकते आणि तुटते.